बाबांच्या मेंदूवरचे पिवळे गोल

माझ्या मेंदूत पांढरे ठिपके आहेत. फार नाहीत, पण आहेत. अर्धशिशीसाठी मागे एमआरआय काढला तेव्हा कळलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वयानुसार येतात, लक्ष देऊ नका," आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, म्हणून मी खरंच लक्ष दिलं नाही. घरी येऊन फिल्म खिडकीशी धरली, ठिपके पाहिले आणि एकटीच हसत बसले. मुलीनं विचारलं, मेंदूत हसण्यासारखं काय सापडलं? तिला म्हटलं, तुझ्या आजोबांचा मेंदू आठवला.

त्या मेंदूची गोष्ट सव्वीस जुलैचा महापूर येऊन गेला त्याच्या पुढच्या वर्षीची. आम्ही बदलापूरला बेलवलीत राहत होतो. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यातून रिटायर झाले होते. तिथं त्यांचं काम होतं वेल्डिंगच्या जॉइंटचे एक्स-रे काढणं आणि ते वाचणं. माणसांचे एक्स-रे काढतात तसे लोखंडाचेही काढतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. दोन जाड पाइप जोडले की वरून जॉइंट कितीही गुळगुळीत दिसो, आत हवेचा बुडबुडा राहिलाय का, चीर गेलीय का, ते फिल्मवर उमटतं. बाबा फिल्म उजेडाच्या पेटीवर लावायचे, दोष दिसला की त्याच्याभोवती पिवळ्या मेणपेन्सिलीनं गोल काढायचे आणि तीनपैकी एक शब्द उच्चारायचे: पास, रिपेअर किंवा रिजेक्ट.

जन्मभर हे तीनच शब्द वापरल्यामुळे घरीही त्यांना चौथा फारसा सुचत नसे. आईची भाजी सहसा पास व्हायची. माझी दहावीची मार्कशीट रिपेअरमध्ये गेली. मला बघायला आलेला पहिला मुलगा चहा संपायच्या आत रिजेक्ट झाला, आणि त्याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे.

रिटायर झाल्यावर हात शिवशिवायला लागले म्हणून त्यांनी ट्यूबलाइट आणि दुधी काच वापरून तशीच एक पेटी घरी बनवली. ती टीव्हीच्या शेजारी ठेवली होती आणि टीव्हीपेक्षा तिच्यावर जास्त कार्यक्रम व्हायचे. कोणाचं पोर सायकलवरून पडलं, कोणाच्या छातीत कफ झाला, की माणसं डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर एक्स-रे घेऊन आमच्याकडे येत. बाबा चष्मा कपाळावर चढवून, नाक फिल्मला लावून बघत आणि म्हणत, "चीर नाही. पास." पोराच्या हाताला प्लास्टर घातलेलं असायचं, तरीही.

त्यांचं दुसरं काम बिनपगारी होतं आणि त्याचा त्यांना पहिल्यापेक्षा जास्त अभिमान होता. ते आमच्या भागातले बौद्धाचार्य होते, म्हणजे वस्तीतली लग्नं तेच लावायचे. आमच्या लग्नात होम नसतो, पत्रिका-बित्रिका नसते. वर आणि वधू पांढऱ्या कपड्यांत उभे राहतात. बौद्धाचार्य त्रिसरण-पंचशील देतात, मग एकेक प्रतिज्ञा सांगतात, आणि आधी वर आपल्या सगळ्या, मग वधू तिच्या, त्यांच्यामागून म्हणते. शेवटी मंगलगाथा, फुलं, टाळ्या आणि जेवण. काही आचार्य हातात पुस्तक घेऊन लग्न लावतात. बाबा अशांना तोंडावर काही बोलत नसत, पण घरी आल्यावर "रिपेअर" एवढंच म्हणत. त्यांचं सगळं तोंडपाठ होतं. लहानपणी मी त्यांचं बोट धरून मांडवोमांडवी जायचे, जेवणासाठी, पण त्या नादात माझंही पाठ झालं. भातुकलीतल्या बाहुल्यांची लग्नं मी सगळ्या प्रतिज्ञांसकट लावली आहेत.

त्या वर्षी जानेवारीत माझं लग्न ठरलं. मुलगा शिरगावचा, बदलापूरच्याच पूर्वेकडचा. पुलाच्या पलीकडचा जावई, असं आई म्हणायची. तारीख मे महिन्यातली. लग्न कोण लावणार, हा प्रश्नच नव्हता. बाप असला म्हणून काय झालं, आमच्यात कन्यादान नसतं, त्यामुळे बापाचे हात मोकळे असतात. बाबांनी अर्ध्या बेलवलीची लग्नं लावली होती. माझं तेच लावणार, हे मी बाहुल्यांच्या काळापासून धरून चालले होते.

माझं लग्न ठरल्यानंतर आठवडाभरानं आमच्या शेजारच्या मुलीचं लग्न होतं. ती माझी लहानपणची मैत्रीण, लंगडी-लगोरीच्या काळातली. बाबा उभे होते, पांढरा सदरा, काळेभोर केस. या केसांबद्दल पुढं येईलच. वराच्या प्रतिज्ञा झाल्या. वधूची पहिली झाली, दुसरी झाली. तिसरीला बाबांनी तोंड उघडलं आणि काहीच निघालं नाही.

मांडवात आधी कोणाला कळलंच नाही. नवरी बिचारी मागून म्हणण्यासाठी तोंड अर्धवट उघडून उभी, आणि पुढं म्हणायला काही नाही. बाबा तिच्याकडे बघत होते. कोणीतरी खोकलं. मग वरपक्षाकडच्या एका काकांनी पुस्तक काढून ओळ वाचली, बाबांनी ती उचलली आणि पुढचं सगळं नीट पार पाडलं. पण ते जेवायला थांबले नाहीत. बाबा लग्नात जेवले नाहीत ही बातमी प्रतिज्ञा विसरल्याच्या बातमीपेक्षा लवकर पसरली.

घरी आल्यावर आई म्हणाली, "ऊन लागलं असेल." जानेवारी होता. मी म्हटलं, "होतं कधी कधी." बाबा म्हणाले, "मला होत नाही." आणि ते खरंच होतं.

आमचे डॉक्टर स्टेशनजवळ बसायचे. त्यांनी बाबांना चालवलं, नाकाला बोट लावायला सांगितलं, शंभरातून सलग सात-सात वजा करायला लावलं. बाबांनी वजाबाकी इतक्या पुढं नेली की डॉक्टरांनाच थांबवावं लागलं. बीपी मात्र वाढलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, "तसं काही वाटत नाही. पण एकाएकी शब्द अडला म्हणताय, तर एकदा डोक्याचा एमआरआय करून घेऊ. मनात शंका नको."

शंका होती ती डॉक्टरांच्या मनात. बाबांच्या मनात उत्सुकता होती.

उल्हासनगरला तेव्हा एक नवं स्कॅन सेंटर निघालं होतं, फर्निचरच्या दुकानांच्या रांगेत. आम्ही तिघं गेलो. आत मशीन चालवणारा तरुण होता. त्यानं बाबांना अंगठी, पट्टा, घड्याळ काढायला सांगितलं. बाबांनी सगळं काढून दिलं आणि विचारलं, "और मेरा बॅज?"

"कौनसा बॅज, अंकल?"

कारखान्यात एक्स-रेचं काम करणाऱ्या प्रत्येकाच्या छातीला एक बॅज असतो. अंगावर किरण किती पडले ते त्यावरून मोजतात. बाबांनी तो जन्मभर लावला होता आणि त्याच्याशिवाय एक्स-रेच्या खोलीत पाऊल टाकणाऱ्याला ते अडाणी समजत. त्या मुलानं सांगितलं, "इसमें रेडिएशन नहीं है अंकल, मॅग्नेट है." बाबांचा चेहराच उतरला. लोहचुंबकानं फोटो निघतो हे त्यांना पटेना. आई म्हणाली, "जा आता आत. माणसांनी नंबर लावलेत." बाबा त्या नळकांड्यात गेले. मशीनचा आवाज बाहेरपर्यंत येत होता, पत्र्यावर हातोडा मारल्यासारखा. अर्ध्या तासानं बाहेर आले आणि म्हणाले, "याला ग्रीस लावायला झालंय."

फिल्म लगेच मिळाली. रिपोर्ट दोन दिवसांनी मिळणार होता, आणि चूक इथंच झाली. दुसऱ्या कोणत्याही घरात फिल्मचं पाकीट कपाटावर पडून राहिलं असतं. आमच्या घरात उजेडाची पेटी होती.

मी ऑफिसातून आले तेव्हा बाहेरच्या खोलीत सगळे दिवे बंद, फक्त पेटी चालू, आणि तिच्यावर बाबांचा मेंदू. एक नाही, ओळीनं पुष्कळ. पावाच्या लादीचे काप करावेत तसे डोक्याचे काप. बाबांच्या हातात पिवळी पेन्सिल होती. त्यांनी एकेका कापावर गोल काढले होते.

"काय करताय?" मी विचारलं.

"ये, बघ," ते म्हणाले. आवाज कामावरचा होता. "हे बघ ठिपके. हा एक, हा एक, इथं दोन जवळजवळ. पांढरे. जॉइंटमध्ये पोकळी असली तर फिल्मवर काळं येतं. पांढरं कधी येतं? बाहेरचं जड काहीतरी आत वितळून राहिलं तर. म्हणजे आत काहीतरी घुसलंय."

"मेंदूत काय घुसणार?"

"ते मी कसं सांगू? मी फक्त फिल्म वाचतो." मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "एवढे डाग एका फिल्मवर मी कधीच पास केले नाहीत. रिजेक्ट."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "रिजेक्ट झालात तर मग भाकरी टाकू का नको?" बाबा हसले नाहीत. एरवी ते हसले असते. पेटीचा दिवा त्यांनी बंद केला. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

जेवताना त्यांनी जाहीर केलं की माझं लग्न शिरगावचे आचार्य लावतील. वरपक्षाकडचेच आहेत, बरं दिसेल. मी म्हटलं, चालणार नाही. ते म्हणाले, "भर मांडवात माझा शब्द पडला तर? दुसऱ्याच्या मुलीच्या लग्नात पडला, ते निभावलं. तुझ्या लग्नात नको."

शिरगावच्या आचार्यांविषयी दोन शब्द सांगायला हवेत. माणूस सज्जन, पण प्रत्येक प्रतिज्ञेनंतर तिचा अर्थ समजावून सांगायचे, उदाहरणं देऊन. त्यांनी लावलेल्या एका लग्नात आचारी वैतागून घरी गेला होता. पण मला रडू आलं ते त्यासाठी नव्हे. मला माझ्या लग्नात बाबांचा आवाज हवा होता. बाकी साडी, हॉल, जेवण, कशाबद्दलही माझा काही हट्ट नव्हता. हा एकच होता, आणि तो पिवळ्या पेन्सिलीनं खोडला होता.

त्या रविवारी बाबांनी केसांना कलप लावला नाही. एक रविवार आड ते मोरीच्या आरशासमोर बनियनवर उभे राहून जुन्या टूथब्रशनं कलप लावायचे. त्या वेळी घरात पाहुणा आला तर आईनं त्याला दारात थोपवून धरायचं असा नियम होता. त्या रविवारी ब्रश कोरडा राहिला. आई म्हणाली, "कलपाची पुडी उघडलीय, फुकट जाईल." ते म्हणाले, "आता कशाला." ठिपक्यांपेक्षा आईला हे जास्त लागलं. रात्री ती मला म्हणाली, "याच्यापेक्षा विसरभोळे झाले असते तर परवडलं असतं."

रिपोर्ट आला. इंग्रजीत होता, मी मराठी करून वाचला: मेंदूच्या पांढऱ्या भागात वयोमानानुसार किरकोळ बदल, बाकी काही नाही. मला वाटलं, सुटलो. बाबा म्हणाले, "किरकोळ म्हणजे किती? माप दिलंय का?" माप नव्हतं. "मग हा रिपोर्ट नाही, मत आहे."

तेव्हा मी त्यांना ओढत पुन्हा उल्हासनगरला नेलं, फिल्म वाचणाऱ्या डॉक्टरांकडे. ते सिंधी होते, गोल चेहऱ्याचे, टेबलावर बडीशेपेची डबी. त्यांनी फिल्म दिव्यावर लावली आणि मागे सरकले.

"ये किसने किया?"

"मैंने," बाबा म्हणाले.

डॉक्टर वाकून एकेक गोल बघायला लागले. मला वाटलं, आता ओरडा बसणार. पण ते म्हणाले, "अंकल, एक भी नहीं छोडा आपने. पर ये दो स्पॉट नहीं हैं, ये तो खून की नलियाँ हैं. और ये वाला तो सबके होता है, जन्म से." आणि त्यांनी ते तीन गोल बोटानं पुसून टाकले.

बाबांना हे लागलं असावं, कारण त्यांनी लगेच हल्ला केला. "रिपोर्टमध्ये पांढरा भाग लिहिलंय. फिल्ममध्ये तो करडा दिसतोय. करडा म्हणतात तो भाग जास्त पांढरा दिसतोय. ये कैसा?"

डॉक्टर खूश झाले. असं त्यांना कोणी विचारत नसावं. त्यांनी समजावलं की ही नावं मशीन यायच्या खूप आधीची आहेत, मेंदू उघडून बघितल्यावर जसा दिसला तशी दिलेली. वरच्या करड्या थरात विचार चालतात, आणि आतल्या पांढऱ्या भागात तारा असतात, एका ठिकाणचा निरोप दुसरीकडे नेणाऱ्या. तारांवर चरबीचं वेष्टण असतं म्हणून तो भाग पांढरा. वय वाढलं, बीपी राहिलं, की बारीक नसा कडक होतात, कुठं कुठं वेष्टण झिजतं, तिथं पाणी धरतं, आणि या फिल्मवर पाणी पांढरं येतं. आत काही घुसलेलं नाही. "उमर का है अंकल. जैसे बाल सफेद होते हैं." असं म्हणून त्यांनी बाबांच्या डोक्याकडे बघितलं. कलप अजून पुरता उतरला नव्हता. मुळाशी जरासे पांढरे, वर कुळकुळीत काळे. डॉक्टर डबीतली बडीशेप शोधायला लागले.

"बीपी की गोली लो, चलो-फिरो. बस."

बाबांनी एकच मागणी केली. कारखान्यात कुठलीही फिल्म नुसती वाचत नसत. शेजारी त्याच जाडीची नमुना फिल्म लावत आणि तुलना करत. "मेरी उमर का अच्छा दिमाग दिखाइए." डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या पेशंटची फिल्म दाखवता येत नाही. रास्तच होतं. बाबा बाहेर आले आणि म्हणाले, "नमुन्याशिवाय पास कसं करणार?"

नमुना मांजर्लीत होता.

बदलापूरच्याच नदीकाठच्या मांजर्लीला बाबांचे एक दोस्त राहत, आमचे वेल्डरकाका. त्याच कारखान्यात वेल्डर होते, मूळ शेतकरी घरातले, आणि बाबांनी आयुष्यात सर्वांत जास्त रिजेक्ट कोणाला केलं असेल तर त्यांना. त्यांनी जॉइंट करायचा, यांनी त्यावर पिवळा गोल काढायचा, त्यांनी शिव्या देत तो घासून पुन्हा करायचा; यातून दोघांची मैत्री कशी झाली हे मला कधी समजलं नाही. आदल्या वर्षी ते मोटरसायकलवरून पडले होते, तेव्हा त्यांच्याही डोक्याचा एमआरआय झाला होता आणि डॉक्टरांनी एकदम ठणठणीत म्हणून घरी पाठवलं होतं. वय बाबांच्याच बरोबरीचं. डोकं असं की वस्तीतल्या कोणाच्या लग्नात जेवायला काय होतं तेही सांगत. आईनं त्यांच्या घरी फोन केला. बाबांना कळू न देता.

रविवारी सकाळी काका फिल्म घेऊन हजर. महापुरानंतर मांजर्लीतली माणसं कामाची प्रत्येक वस्तू माळ्यावर ठेवायला लागली होती. काकांचा मेंदूही प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावरच होता. "घे," ते म्हणाले. "जन्मभर माजे जॉइंट तपासलेस. आता डोकं तपास. मनात ऱ्हायला नको."

पेटीवर दोघांचे मेंदू शेजारी शेजारी लागले. दोन म्हातारे नाक लावून बसले. आईनं चहा आणला तो तसाच निवला. बाबांनी दोन्हींकडचे ठिपके बोटानं मोजले, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी आनंदच म्हणेन.

"तुझ्यात माझ्यापेक्षा जास्त आहेत."

"काय सांगतोस?"

"हे बघ. हा केवढा आहे. असला ठिपका माझ्यात एकसुद्धा नाही." आणि सवयीनं हात पेन्सिलीकडे गेला. काकांनी तो धरला.

"माज्या डोक्यावर गोल काढायचा नाय. आधी सांग, मी येडा झालोय का?"

"नाही."

"काय विसरतो?"

"तू कुठला विसरतोस. तेच तर दुःख आहे."

"मंग?"

बाबा म्हणाले, "मग तूही रिजेक्ट." पण म्हणण्यात जोर नव्हता.

काका खुर्चीत मागे रेलले. "तो जुना बॉयलर आठवतो? शटडाउनला दर वर्षी त्याच्या पाइपाची फिल्म काढायचास. डाग होते का नव्हते त्याच्यात?"

"होते."

"मंग फेकलास का तो पाइप?"

"ते वेगळं," बाबा चिडून म्हणाले. "नवा जॉइंट असला की एक डाग चालत नाही. वापरातल्या पाइपाचं तसं नसतं. त्यात डाग असणारच. तिथं मागच्या वर्षीची फिल्म शेजारी लावायची, डाग वाढलाय का बघायचं. फार वाढला नसेल तर पाइप परत चालू."

बाबा स्वतःच्या फिल्मकडे बघत राहिले. आई निवलेले कप उचलायला आली होती. ती कपबश्या गोळा करत म्हणाली, "मग तुम्ही काय नवा जॉइंट आहात का?"

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. बाबा हसले नाहीत. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि आपल्या मेंदूवरचे पिवळे गोल एकेक करून पुसले. मग फिल्म पाकिटात घातली आणि पाकिटावर तारीख लिहिली, पुढच्या वर्षी तुलना करायला.

तरी त्यांनी होकार दिला नाही. म्हणाले, ट्रायल घेऊ. ट्रायल आमच्या स्वयंपाकघरात झाली. वराच्या प्रतिज्ञांची भीती नव्हती, अडलं होतं ते वधूच्या, म्हणून वेल्डरकाका वधू झाले. डोक्यावर आईची पांढरी ओढणी घ्यायला ते स्वतःच तयार झाले. बाबा एकेक ओळ सांगत, काका मान खाली घालून आपल्या मांजर्लीच्या बोलीत मागून म्हणत. तिसरी आली. बाबांनी ती एका दमात म्हटली. चौथी, पाचवी, गाथा, सगळं. आई गॅसजवळ उभी राहून ऐकत होती, तिनं ओढणी मागे घेतली आणि म्हणाली, "पास."

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी बाबा बनियनवर मोरीच्या आरशासमोर उभे राहिले. घर पाहुण्यांनी भरलं होतं. आईनं सगळ्यांना ओट्यावर बसवून ठेवलं, अर्धा तास, कोणालाही कारण न सांगता.

लग्न बेलवलीतच, हॉलमध्ये. मी पांढऱ्या साडीत, नवराही पांढऱ्यात, समोर बाबा. केस इतके काळे की कपाळही थोडं काळं झालं होतं. पहिल्या रांगेत वेल्डरकाका, हात गुडघ्यांवर, परीक्षेला आपलंच पोर बसल्यासारखे. त्यांच्यामागं शिरगावचे आचार्य, हातात पुस्तक, गरज पडलीच तर. बाबांचा आवाज लागला. माझं लग्न बाबांच्या आवाजात चाललं होतं. वराच्या प्रतिज्ञा झाल्या. माझी पहिली झाली. दुसरी झाली.

तिसरीला बाबांनी तोंड उघडलं आणि काहीच निघालं नाही.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते, तसेच, त्या दिवशी माझ्या मैत्रिणीकडे बघत होते तसेच. काका खुर्चीच्या कडेला आले. मागे पुस्तकाची पानं वाजली. मला वाटलं, आता हे आचार्य पुस्तकातून ओळ वाचतील, आणि बाबा पुन्हा कोणाच्याही लग्नात उभे राहणार नाहीत. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की तिसरी प्रतिज्ञा मला येते. कधीपासूनच येते.

मी ती म्हटली. मोठ्यानं, पूर्ण, बाहुल्यांच्या लग्नात म्हणायचे तशी. आणि बाबांनी ती माझ्यामागून म्हटली. शब्द न् शब्द. चौथीपासून पुन्हा ते पुढं आणि मी मागं.

लोकांना वाटलं, ही नवी पद्धत आहे. पुढच्या वर्षी वस्तीतल्या एका मुलीनं तिच्या लग्नात तसंच करायचा आग्रह धरला, आणि बाबांनी गंभीरपणे मान्य केला.

जेवणं आटोपल्यावर ते हॉलच्या मागच्या बाजूला, खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या तिथं, हातात ताटली घेऊन उभे होते. या लग्नात ते जेवले. मी जवळ गेले.

"विसरलो नव्हतो गं," ते म्हणाले.

"मग?"

"शब्द समोर होते. आवाज निघेना." त्यांनी जिलेबीचा तुकडा बोटांत धरला. "त्या दिवशीही हेच झालं होतं. ती मुलगी पांढरी साडी नेसून उभी होती, आणि एकदम तूच दिसलीस. गळा बंद झाला. असं मला कधी झालंच नव्हतं. मला वाटलं, मेंदू गेला."

आई मागं येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "आणि एवढ्यासाठी आम्ही उल्हासनगरच्या वाऱ्या केल्या." पण तिनं पदर डोळ्यांना लावला होता.

बाबा विचार करत होते. मग त्यांनी मला विचारलं, आणि खरंच विचारत होते, "हे फिल्मवर येत नाही का?"

"नाही येत, बाबा."

"मग त्या मशीनमध्ये अजून रिपेअर आहे," ते म्हणाले, आणि जिलेबी तोंडात टाकली.